हिवराच्या माळाची जाळरेषा

तात्या, पत्रक कसं लिहायचं ते मला शिकवलेलं आहे. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी, आणि मधे वाचणाऱ्याला दम घ्यायला जागा द्यायची नाही. तर आरोप असा आहे: कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी तुमच्याबद्दल खोटं छापलं, गावभर वाटलं, आणि तुम्ही होता तोवर ते छापून मागं घेतलं नाही.

परवा तुमच्या जलदान विधीला हे बोलायचं होतं. वंदना झाली. तुमच्याबरोबर नोकरी केलेले दोघं बोलले, डाळजहून आलेले चुलतभाऊ बोलले. सगळ्यांचं एकच, तात्या फार शांत माणूस. मग माइक माझ्याकडं आला. एसटी स्टँडवर माइक नसताना तासतासभर ओरडलेली मी, मांडवात नुसती उभी राहिले. 'तात्यांना अभिवादन' एवढं म्हणून खाली बसले. तुमच्याशी संसार केलेल्या काकूंनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली. मी काय गिळलं ते त्या मांडवात फक्त त्यांना कळलं.

बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. लिहिताना माझं काही अडत नाही, हा माझा जुना दोष तुम्हाला ठाऊकच आहे.

हे दुसऱ्यांच्याही हातात जाणार, म्हणून तुम्हाला तोंडपाठ असलेल्या दोन गोष्टी इथं सांगून ठेवते. बारामतीच्या कडेला, नव्या कॉलन्या संपतात तिथं एक फाटक आहे. आत वनोद्यानाची पाटी, चालायला फरशीची वाट, व्यायामाची दोन गंजकी यंत्रं. लोक तेवढंच बघून परत फिरतात. त्याच्या मागं हिवराचा माळ सुरू होतो. हिवर, खैर, बोरी, हिंगणबेट, नेपती, आणि त्यांच्यामधून गुडघ्याएवढं मारवेल गवत. हे कुणी लावलेलं नाही. आजूबाजूला पाटाचं पाणी आलं, ऊस आला, मग उसाच्या रानाचे प्लॉट पडले. हा तुकडा मुरमाड, कुणाच्या कामाचा नव्हता, म्हणून जसा होता तसा राहिला. तिथं तुम्ही वनमजूर होता. निवृत्त झालात तरी रोज सकाळी तिथंच.

मी बावड्याची. आमच्याकडं घराच्या भिंतीपर्यंत ऊस. हिरवं दिसलं की आम्हाला बरं वाटतं, पिवळं दिसलं की कुणीतरी वाट लावली असं वाटतं. बारामतीला हॉस्टेलवर आले, मोर्चे आणि पत्रकं काढणाऱ्या संघटनेत गेले, आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी मैत्रिणींबरोबर माळावर आले, तेव्हा सगळा माळ पिवळा होता आणि खाकी शर्टातला एक माणूस वाकून त्या गवताला काडी लावत होता. मी मागून फोटो काढला. पुढं जाऊन विचारलं नाही. दहा पावलं होती.

आठवड्याच्या आत पत्रक छापून आलं. 'जंगल कोण जाळतंय' आणि पुढं तीन प्रश्नचिन्हं. खाली तुमचा पाठमोरा फोटो, त्याखाली 'पगार सरकारचा, काडी जंगलाला'. ती ओळ माझी. तेव्हा मला ती फार आवडली होती. कॉलेजच्या फाटकावर वाटलं, स्टँडवर वाटलं, कॉलन्यांत दारोदार टाकलं. फोटोत तुमचा चेहरा नव्हता, पण त्यानं काय होतंय? त्या माळावर तसा वाकून काम करणारा माणूस एकच होता.

वनखात्याच्या साहेबांना फोन गेले. तुम्हाला माळावरून उचललं आणि गावाच्या पलीकडं रोपवाटिकेत पिशव्या भरायला बसवलं. तुम्ही करायला घेतलेली जाळरेषा अर्ध्यात थांबली.

जाळरेषा म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. उन्हाळ्याआधी माळाच्या कडेनं गवताचा एक पट्टा आपणच कापायचा, जाळायचा आणि मोकळा करून ठेवायचा. मग बाहेरून आग आली तरी त्या पट्ट्यापाशी तिला खायला काही मिळत नाही आणि ती मरते. तुम्ही माळ जाळत नव्हता. माळ जळू नये म्हणून कडेचं गवत जाळत होता.

मार्चमध्ये शेजारचा ऊस तुटला आणि एका भर दुपारी कुणीतरी रानात उरलेला वाळका पाला, पाचट, पेटवून दिलं. वारा माळाकडं होता. जिथवर तुमची रेघ झाली होती तिथवर आग बांधावरच विझली. रेघ नव्हती तिथून ती आत शिरली. तात्या, पाचटाचा धूर मी जन्मल्यापासून बघते, आमच्या दारात दर वर्षी असतो. माळाला आग कुठून लागते हे गावात सगळ्यांत आधी मला सुचायला हवं होतं. मला सुचला तो तुमचा शर्ट.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन आले, कशाला तर आणखी एक पत्रक लिहायला. हिवर उभे होते, पण खाली काळे आणि वर करपलेले. एका खैराखाली तितराची अंडी तडकून पडली होती. बापूराव मेंढरं राखतात तिथं, ते काठी टेकून उभे होते. मी त्यांना विचारलं, आग कुणी लावली. त्यांनी आधी माझ्या वहीकडं बघितलं.

"आग कुनी बी लावंल, पोरी. रेघ अर्धी ऱ्हायली ना. जो मारत हुता त्याला तुमी कागदात घातला."

तिथंच मला सगळं कळलं. जाळरेषा, तुम्ही, रोपवाटिका. बापूराव सांगत होते आणि मी वहीच्या पुठ्ठ्याकडं बघत होते.

मग मी उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन रोपवाटिकेत आले. रस्ताभर मी ते दृश्य रचत होते. तुमच्यासमोर गठ्ठा जाळायचा, हात जोडायचे, तुम्ही शिव्या द्याल त्या खाली मान घालून ऐकायच्या. तुम्ही सावलीच्या जाळीखाली बसून पिशव्यांत माती भरत होता. मी कोण ते सांगितलं. गठ्ठा खाली ठेवला, काडेपेटी काढली. तुम्ही हात लांब केलात आणि गठ्ठा उचलून आपल्या मांडीशी ठेवलात.

"आसं एकदम कशाला वाया घालवती? कोरडा कागद हाय. फेब्रुवारीत लागतील."

मला वाटलं, चेष्टा चाललीय. तुम्ही पुढची पिशवी उघडून त्यात माती घातलीत आणि बोटांनी दाबलीत. "आलीच हाईस तर बस, मॅडम. भर पिशव्या." तू आणि मॅडम एका दमात. ते पुढं शेवटपर्यंत तसंच राहिलं. मी संध्याकाळपर्यंत पिशव्या भरल्या. माफीचा शब्द तोंडातच राहिला, आणि तिथं तो किती वर्षं राहिला ते आता मोजवत नाही.

पावसाळ्यानंतर तुम्हाला परत माळावर घेतलं. मी साहेबांना नेऊन दिलेल्या निवेदनाचा तो परिणाम, अशी माझी समजूत होती आणि मी ती चारचौघांत सांगतही होते. खरं काय ते काकूंनी सांगितलं: तुमच्या जागी आलेल्या माणसाला कुसळं सोसली नाहीत.

कुसळं मलाही सोसली नव्हती. पहिल्या सकाळी तुमच्या मागं माळभर फिरले आणि पायमोजे साळिंदरासारखे झाले. मी फाटकापाशी बसून ती उपटून रस्त्यावर टाकायला लागले. तुम्ही मला उठवलंत, परत आत नेलंत आणि गवतात बसून एकेक कुसळ काढायला लावलंत. "बी हाय ते. माळाचं हाय. घरी न्यायचं न्हाय." अर्धा तास गेला. माझं लेक्चर बुडालं. आज दुसरं कुठलंही लेक्चर आठवत नाही.

त्या सकाळी मला आता फार हव्याशा वाटतात. हिवराच्या फिकट खोडाला पाठ लावून तुम्ही भाकरी सोडायचा, वर लसणाची चटणी, आणि बोरांचे दिवस असले तर शर्टाच्या खिशातून बोरं निघायची. अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढं सरकवायचा, घे म्हणायचा नाही. पानं नसलेल्या नेपतीला लाल फुलं आली की मला नेऊन दाखवायचा, जणू घरात कुणी बाळंत झालंय. खोकडाच्या बिळासमोर तुम्ही मला एकदा इतका वेळ उकिडवं बसवलं होतंत की माझे पाय मेले. खोकड आलं, आपल्याकडं बघितलं, आणि शेपटी टाकून आत गेलं. मी उठता उठता पडले. तुम्ही हसून म्हणालात, सभेत कशी उभी ऱ्हाती तू एवढा येळ?

आणि ते वृक्षारोपण. एका मंडळानं माळावर गुलमोहर लावायचं ठरवलं. बॅनर, पाहुणे, खड्डे खणायचं यंत्र. मारवेलात खड्डे पडणार म्हणून मी पेटलेली. भल्या सकाळी हातात नवं पत्रक घेऊन फाटकात उभी होते. तुम्ही इस्त्रीचा खाकी शर्ट घालून आलात, पाहुण्यांना वाकून नमस्कार केलात आणि सगळी वरात फाटकाच्या डाव्या हाताला नेलीत, जिथं कॉलनीच्या बांधकामाचा राडारोडा टाकलेला होता. तिथं गवताची काडी उगवत नव्हती.

"साहेब, हितं लावा. हितली माती लई भारी. फोटोला ऊन बी समोरनं येतं."

पाहुणे खूश. रोपं लागली, फोटो झाले, गाड्या गेल्या. मारवेलाच्या एका पात्यालाही धक्का लागला नाही, आणि माझी पत्रकं पिशवीतच. तरी मी तुमच्यावर उखडले. म्हटलं, तात्या, हे खोटं आहे. तोंडावर सांगायला पाहिजे होतं, की गवताळ माळ हेच जंगल आहे, इथं झाडं लावणं म्हणजे नासाडी आहे. तुम्ही सरळ खोटं बोललात.

"व्हय," तुम्ही म्हणालात. "पर छापलं न्हाय."

त्या पत्रकाचा दोष तुम्ही मला दिलात तो त्या एका दिवशी, तेवढाच. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. फाटकापर्यंत मी खाली बघत भराभर चालत राहिले. तुम्ही मात्र पुढच्या वळणावर तरवडाची फुलं दाखवत होता, जसं काही झालंच नव्हतं. ते गुलमोहर आता मोठे झालेत. त्यांच्या सावलीत कॉलनीवाले गाड्या लावतात आणि माळाला हात लावत नाहीत. तुमच्या खोटेपणाला एवढं यश आलं, हे मी तुमच्यासमोर कधी कबूल केलं नाही. आता केलं.

दर फेब्रुवारीत मात्र आपण दोघं आणि बापूराव. पट्टा आधी कापून ठेवलेला असायचा. आग पट्ट्याबाहेर सरकली तर झोडपून विझवायला हिरव्या डहाळ्यांचे फाटे हाताशी. पहाटेचं दव पुरतं उडायच्या आत काम उरकायचं. तुम्ही चिमूटभर माती वर सोडून वारा बघायचा. मग पेटवण्याआधी त्या सगळ्या पट्ट्यावरून काठी आपटत एकदा चालत जायचा आणि घरात पाहुणे झोपलेत अशा आवाजात हाक द्यायचा, "उठा रं, पावनं. वाईच सरका." ससा उठायचा, तितर फडफडायचे, एकदा हातभर घोरपड रागानं फुसफुसत निघाली आणि बापूराव बोरीत जाऊन पडले. सगळे सरकले याची खात्री झाली की तुम्ही पिशवीतून माझं एक पत्रक काढायचा, उभी घडी घालायचा, आणि काडी.

"मॅडम, तुजा कागद लई चांगला पेटतो."

दर वर्षी हेच वाक्य. बापूराव दर वर्षी हसायचे. पहिल्या वर्षी मला कानाखाली बसल्यासारखं झालं. दुसऱ्या वर्षी मी दात काढले. पुढं पुढं तर मीच घडी घालून तुमच्या हातात द्यायला लागले. 'पगार सरकारचा, काडी जंगलाला' ही ओळ कडेनं तपकिरी होत जायची आणि मग दिसेनाशी व्हायची, आणि मला वाटायचं, चला, यंदाचं फिटलं.

पण तसं ते फिटत नव्हतं. कॉलन्यांत तेच पत्रक कुणाच्या तरी टेबलाच्या खणात होतंच. तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात चहा देताना एक बाई मला हळूच म्हणाल्या, हेच ना ते, जाळपोळीत सापडलेले? मी म्हणाले, नाही, तसं नव्हतं ते. त्या दुसरीकडं निघून गेल्या. तुम्ही ऐकलं होतं. मी तुमच्या कपाकडं बघत होते, तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. त्या दिवशी घरी येऊन मी म्हटलं, तात्या, त्या पत्रकाचं मी छापून... तुम्ही मला पुरं बोलू दिलं नाहीत. म्हणालात, पाऊस लांबलाय, बी पडलं का बघाय पायजे. मी ते पकडून ठेवलं. तुम्हाला नकोय असं स्वतःला सांगितलं. सोपं होतं ते. दुसऱ्यांच्या चुकांवर आठवड्यात पत्रक काढणाऱ्या बाईला स्वतःच्या चुकीवर एक पान काढायला वेळ मिळत नव्हता.

आपलं शेवटचं भांडण कुंपणाचं. मला माळाला चारी बाजूंनी तारेचं कुंपण हवं होतं. कचरा टाकणारे बाहेर, मोटारसायकली बाहेर, मेंढरंही बाहेर. निवेदन तयार होतं, पहिली सही तुमची हवी होती. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होता, तब्येत बरी नव्हती, चष्मा लावून सगळं निवेदन वाचलंत आणि परत दिलंत.

"मेंढरं बाहीर, खोकड आत. दोगं बी उपाशी मरतील."

मी म्हटलं, चराईनं गवत संपतं. तुम्ही म्हणालात, बी पडू दे, मग मेंढरं, हे बापूराव पाळतो, तुजी मोटारसायकलवाली पोरं पाळतील का? मी म्हटलं, म्हणूनच कुंपण. तुम्ही म्हणालात, बापूरावला बाहीर काढलास तर आग लागल्यावर पळत कोण यील, मॅडम? कुंपन यील? आवाज चढला तो माझा. काकूंनी चहा आणून ठेवला होता. मी निवेदन पिशवीत कोंबलं आणि चहा तसाच ठेवून निघाले. दारातून वळून बघितलं नाही.

नंतर फोन आला तो काकूंचा.

कुंपणाबद्दल माझं अजून पूर्ण पटलेलं नाही, तात्या. रस्त्याच्या बाजूला तरी तार हवीच, हे मी आजही म्हणेन. तुम्ही गेलात म्हणून तुमचं सगळं बरोबर, असं मी लिहिणार नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं. पण निवेदनातून मेंढरांची ओळ मी काढली. आणि तो चहा मला प्यायचा होता.

विधी झाल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक उघडली. तुमचा खाकी शर्ट, दोन विळे, आणि सुतळीनं बांधलेला माझा गठ्ठा. उंदीर, वाळवी, ओल, काही नाही. कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेला. फार थोडी पत्रकं उरलीत. काकू म्हणाल्या, "हे कुनाला दाखवायचं न्हाय म्हनायचे. पोरीचं नाव हाय त्याच्यावर."

मला हे माहीत नव्हतं. पत्रकाच्या तळाला प्रकाशक म्हणून माझं नाव होतं, हे मी विसरले होते. तुम्ही विसरला नव्हता. इतकी वर्षं मी समजत होते, तुम्ही मला दर फेब्रुवारीत टोचताय. तुम्ही एकेक करून माझं नाव जाळत होता.

बाहेर बापूराव चपला घालत होते. मी विचारलं, यंदा रेघ कशी करायची. नवीन वनरक्षक पाण्याची टाकी घेऊन येणार आहे, पण सुरुवात कुठून करायची ते त्याला माहीत नाही.

"तात्यानं सांगून ठेवलंय," बापूराव म्हणाले. "पोरगी पेटवंल, तुमी फाटं धरा. आसं म्हनला. तू बोलव, पोरी, आमी हाय."

तर परवा सकाळी रेघ आहे. वारा कसा बघायचा ते मला येतं. पट्ट्यावरून चालत जाऊन हाक द्यायची, ती जमेल का, सांगता येत नाही. घोषणा द्यायचा आवाज आहे माझा, त्यानं ससे सरकणार नाहीत, हृदय बंद पडून मरतील. हळू बोलून बघीन.

हे पत्रक मी त्याच प्रेसवर छापून घेतेय, त्याच कॉलन्यांत दारोदार टाकणार आहे. यावर फोटो तोच आहे, पाठमोरा, आणि खाली तुमचं नाव आहे. त्याखाली एवढंच: हे तात्या. हे माळ वाचवत होते. मी खोटं छापलं होतं.

मागणी शेवटच्या ओळीत लिहायची असते. माळाच्या कडेच्या सगळ्यांना आहे: परवा सकाळी धूर दिसला तर कुणाला फोन करू नका, खाली या आणि एक फाटा हातात घ्या.

तुमचा जुना गठ्ठा यंदा एकदम संपवते. या नव्या पत्रकाच्या काही प्रती मात्र वाटणार नाही. पुढच्या वर्षांसाठी कडुनिंबाचा पाला घालून तुमच्या ट्रंकेत ठेवते. कोरडा कागद आहे, तात्या. फेब्रुवारीत लागतील.